मोघ्यांकडे नोकरी करायची नाही

दिघेताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडे पाहत नसत. चपला काढता काढता त्यांची नजर छताच्या कोपऱ्यांतून फिरून यायची आणि मग तळहात भिंतीला लागायचा. माझ्या बहिणीच्या लग्नात माळा घालणं चालू असताना त्या हॉलच्या खांबामागे वाकून तडा बघत होत्या. माझ्या बाबांना म्हणाल्या, "काका, जावई पक्का दिसतोय. हॉलची गॅरंटी मी नाही देऊ शकत."

त्या बिल्डिंग सर्व्हेअर होत्या. उभ्या इमारतीची तब्येत तपासायची, हे त्यांचं काम. ओल कुठून येते, तडा वरच्या प्लास्टरचा की आतल्या बीमचा, इमारत अजून किती भार झेलेल. इंदूरमध्ये तेव्हा या कामाचं नावही कुणाला धड माहीत नव्हतं. ताईंनी उमेदीची वर्षं मोघेसाहेबांच्या सर्व्हेच्या फर्ममध्ये काढली. वडील मिलमध्ये कारकून होते, मिल बंद पडली होती, घर ताईंच्या पगारावर चालत होतं.

सांवेर रोडवर एका गोदामाच्या बीमला तडे गेले होते आणि मालकाला ते विकायचं होतं. मोघेसाहेब म्हणाले, "गोदाम ठीक आहे असं लिहा." ताईंनी लिहिलं नाही. साहेबांनी ते दुसऱ्याकडून लिहवून घेतलं आणि ताईंना काढून टाकलं. एवढ्यावर थांबले असते तर ताईंनी कदाचित सोडून दिलं असतं. पण साहेबांनी बिल्डरांना, बँकवाल्यांना, विमावाल्यांना, सगळ्यांना सांगितलं की दिघेबाई लाच खाते. ताई ज्या ज्या दारात गेल्या तिथे त्यांना पाणी विचारलं गेलं, काम मिळालं नाही. जुळत आलेलं लग्न मोडलं. मुलाच्या आईनं फोनवर ताईंच्या वडिलांना कारणही सांगितलं. त्यानंतर वडील कधी मराठी मंडळाच्या गणपतीला गेले नाहीत.

"त्या दिवशी ठरवलं," ताई मला सांगायच्या, "या माणसाला या शहरात एक ढंगाचा सर्व्हेअर मिळू द्यायचा नाही."

मला त्या भेटल्या भंवरकुआं भागातल्या एका मेसमध्ये. सिव्हिलची डिग्री घेऊन मी सरकारी परीक्षेची तयारी करत होतो, म्हणजे खोलीवर पडून जागा निघायची वाट बघत होतो. समोरच्या बाईंनी सरळ विचारलं, "सिव्हिल ना? नोकरी?"

"नाहीये."

"बाहेर बघ. दिसेल ती बिल्डिंग कधी ना कधी आजारी पडणार आहे. आणि डॉक्टर कुठेयत? कर्ज देताना बँकेला सर्व्हेअर लागतो, विमा देताना लागतो, जुनी सोसायटी पाडायची की टिकवायची हे ठरवताना लागतो. वर माझी क्लास आहे, चल."

मेसच्या वरच्या खोलीत फळ्यापेक्षा भिंत जास्त वापरली जायची. ताई आम्हाला डोळे मिटून तळहातानं ओल ओळखायला लावत. चुकलं की म्हणत, "भिया, अंदाज घरी ठेवून येत जा. इथे फक्त तपासायचं." कोर्स संपला की त्या नोकरी लावून देत, कारण ताईंना काम न देणाऱ्यांनाही कामाची मुलं हवीच होती, आणि शेवटच्या दिवशी आपली सगळी हकीकत सांगून एकच अट घालत: कुठेही जा, मोघ्यांकडे नोकरी करायची नाही.

हळूहळू शहरभर त्यांचीच मुलं झाली. मोघ्यांचा रिपोर्ट बँकेत गेला की तिथे ताईंचा विद्यार्थी बसलेला असायचा. खोटं कुणी काही केलं नाही. फक्त रिपोर्ट नीट वाचला, आणि चुकलेला परत पाठवला. मोघ्यांची कामं सुटत गेली.

एका दुपारी साहेब स्वतः जिना चढून आले. क्लास भरलेली होती.

"दिघे, दोन मुलं द्या मला. जुनं सगळं जाने दो. जरा बाहेर येऊन बोलू या का?"

"बदनामी चारचौघांत केलीत," ताई म्हणाल्या, "मग माफी बाहेर कशाला?"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाले, "मी यांच्याबद्दल खोटं बोललो होतो."

"मागे ऐकू नाही आलं."

ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. त्यांचे कान लाल झाले होते. ताईंनी हाताचा खडू पुसला. "ठीक आहे. ऐकलं सगळ्यांनी. मुलं नाही मिळणार."

त्या संध्याकाळी ताईंनी आम्हाला पोटभर जिलबी खाऊ घातली.

वर्षभरानं रुची मोघे आली. साहेबांची एकुलती एक, सिव्हिल इंजिनिअर. त्या आडनावाला शहरात कुणी दारात उभं करत नव्हतं. मला वाटलं, ताई तिला हाकलतील. त्या म्हणाल्या, "शिकवीन. पण अट तुलाही तीच."

"म्हणजे बाबांच्याच ऑफिसात जायचं नाही?"

"तिथेच जायचं नाही."

रुची तशीच निघून गेली. आठवड्यानं परत आली आणि "कबूल" म्हणाली. ताईंनी इतका जीव लावून दुसऱ्या कुणालाच शिकवलं नाही. मोघ्यांनी मुलीच्या नावाची पाटी आधीच करून ठेवली होती म्हणे. ती लागलीच नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, "ताई, त्या मुलीचा काय दोष?"

"दोष कुठला? माझ्याजवळ होतं ते सगळं तिला दिलं. त्या घरातून फक्त तिलाच घ्यायचं होतं, घेतलं." त्यांचा आवाज अगदी शांत होता.

गेल्या वर्षी ताई गेल्या. हृदय बंद पडलं, म्हणाले डॉक्टर. क्लास आता मी आणि रुची चालवतो. मोघेसाहेब अजून रोज ऑफिस उघडतात आणि एकटेच बसून असतात.

प्रत्येक बॅचला शेवटच्या दिवशी ती हकीकत रुचीच सांगते. गोदाम, लाचेची अफवा, मोडलेलं लग्न, आणि मग ती अट. सांगताना बापाचं नाव ती गाळत नाही. ताईंनी हे बरोबर केलं का, मला अजून सांगता येत नाही. पण त्या दिवशी मी हातातलं काम टाकून ऐकायला जातो.