तानुबाईच्या दारातला माग

नोकरीत होता तोवर देवीदास हवालदाराला कुणी आपणहून ओसरीवर बसवलं नाही. रिटायर झाल्यावर मात्र तो अकोल्याहून निघायचा आणि अमरावतीपर्यंतची खेडी पालथी घालत म्हाताऱ्याकोताऱ्यांशी गप्पा मारत बसायचा. त्याला रहस्यकथा लिहायची होती. इंग्रजांच्या काळातली, वऱ्हाडातल्या एका खेड्यातली. घरफोडी झोकात जमली होती, पण तपास अडला होता. ठसेवाले नाहीत, कुत्री नाहीत, मग तेव्हा चोर धरत कसे?

बायको म्हणायची, "नोकरीत जितेजागते चोर सापडले नाईत, आता मेलेले शोधून राह्यले."

दर्यापूरच्या स्टँडवर कुणी तरी तानुबाईचं नाव सांगितलं. नव्वदीच्या पुढची, माळीणबाई. तिनं लहानपणी माग काढताना पाहिलाय म्हणे. देवीदास जीपमध्ये कोंबून घेऊन तिच्या गावी पोचला.

म्हातारी दारातल्या बाजेवर बसली होती. सून माणिकबाई मेथी निवडत होती. देवीदासनं विचारलं, "माय, पयले माग कसा काढत?"

तानुबाईचा चेहरा एकदम उजळला. आवाज खणखणीत होता. "चोराचा पाय उमटला का पाटील त्याच्यावर टोपली पालथी घाले. मंग माग काढनारा मागी ये. पायापायानं चाले, मांगं सारं गाव. शिवेवर पुढच्या गावाचा पाटील उभाच राहे. आमच्या गावातून माग बाहीर गेला, हे त्याले दाखवा लागे. दाखवला त गाव सुटलं. ज्याच्या दारात माग अटकला, त्यानं तो पुढं काढून द्यावा. नाई त तोच चोर."

देवीदास खूश झाला. एवढ्यासाठी तो महिनोन्‌महिने हिंडला होता. "अन् अटकला कोनाच्या दारात?"

"आमच्या."

माणिकबाईचा हात थांबला.

"शेजारच्या गावात घर फोडलं होतं," तानुबाई सांगत राहिली. "माग आमच्या अंगनापर्यंत आला. पन मायनं झुंझुरकाच सडा टाकला होता, सारवलं होतं. रोजच सारवे. तिले का ठाऊक? पुढचे पाय शेनाखाली गेले. मागी म्हने, अंगनात येते, बाहीर जात नाई. बाबाले घेऊन गेले. बाबा रातभर कांद्याले पानी देऊन राह्यला होता, पन इहीर काय साक्ष देते?"

"सुटले का मंग?"

उत्तर माणिकबाईनंच दिलं, सासूकडे बघत, हळू आवाजात. "चौकीतच गेला म्हन्तेत तो. मढंबी दिलं नाई. आत्याबाई तेव्हा लहान्या होत्या. लगन झालं त सासरी गेल्या नाईत. बाप आला त घरात कोनी असाले पायजे म्हने. मामंजीच मंग इकडं राहाले आले. लोकं त्यायले जलमभर चोराचा जावई म्हनत."

तानुबाई देवीदासच्या पायातल्या तपकिरी, पोलिसी बुटांकडे बघत होती. "उशिरा आले तुमी, साहेब. पन आले. आता काढा."

"काय काढू, माय?"

"माग. आमच्या दारातून पुढं काढून द्या. मंग बाबा सुटन."

देवीदासनं पाय मागं घेतले. "माय, मी आता पोलिसात नाई. गोष्ट लिहून राह्यलो."

"मंग इचारून काहून राह्यले?"

माणिकबाई कुजबुजली, "भाऊ, चाला ना जरासक. तेवढाच त्यायच्या जिवाले आराम."

तो उठला. सिमेंटच्या अंगणात कमरेत वाकला आणि नसलेले पाय बघत चालू लागला. समोर मोबाइलवाल्या पोरांनी हसून घेतलं. पानठेल्यावरून कुणी तरी विचारलं, "काका, चावी हरपली का?" त्यानं मान वर केली नाही. उकिरडा, शाळेची भिंत, मग नाला. तिथून तो परत फिरला, घामानं डबडबलेला.

"गेला, माय. अंगनातून बाहीर गेला."

"कोनाच्या दारात?"

नोकरीत देवीदासनं कितीतरी नावं न अडखळता सांगितली होती. आत्ता एक सुचेना. गावातलं कुठलंही नाव घेतलं असतं तर म्हातारीनं ते संध्याकाळपर्यंत घरोघर पोचवलं असतं, आणि त्या घरातली माणसं अजून तिथंच नांदत होती.

"नाल्यात गेला," तो शेवटी म्हणाला. "पान्यात माग लागत नाई."

तानुबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं, लहान पोराकडे पाहावं तसं. "पान्यात हरपला त चोरी मांगच्याच दारावर येते, साहेब. तुमाले एवढं शिकवलं नाई का?"

"नाल्यापलीकडं पाह्यतो मी, माय. पुन्हा येतो."

हे वाक्य त्यानं ठाण्याच्या पायरीवर कितीजणांना ऐकवलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तानुबाईनं ते मान हलवून ऐकून घेतलं. मग ती सुनेकडे वळली.

"माणिक, साहेबाले चहा दे. साखर जास्तीची टाकजो. रिकाम्या तोंडानं गेले त तिकडं चौकीत बाबाले मारतीन."

चहा आला. देवीदासला तो नको म्हणता येईना. म्हातारी एकटक बघत होती, कप रिकामा होईस्तोवर.