हवालदारांचा टास्मानियातला शेजारी

शेलूबाजारात असा एकही माणूस नव्हता, ज्याच्याशी आमचे हवालदार पाच मिनिटांहून जास्त बोलले असतील. आणि पृथ्वीच्या पाठीवर असा एकही खंड नव्हता, जिथल्या कुणा ना कुणाशी ते तास-तासभर बोलले नसतील. यात माझी अतिशयोक्ती असलीच तर ती अंटार्क्टिकापुरती. तिथल्या एका माणसाशी त्यांचं बोलणं जेमतेम सात मिनिटं चाललं आणि गावाची वीज गेली. त्यानंतर वीज या वस्तूबद्दल ते जे बोलले, ते मात्र भर बाजारात आणि खणखणीत मराठीत बोलले.

ही सत्तरच्या दशकातली शेवटची दोन-तीन वर्षं. मी साताऱ्याकडचा, इंग्रजीचा मास्तर म्हणून शेलूबाजारच्या शाळेत नेमणूक झाली होती. बायको बाळंतपणाला माहेरी गेली ती तिकडेच रमली, आणि मी हवालदारांच्या घराची मागची खोली भाड्यानं घेऊन स्टोव्हवर खिचडी करून खात होतो. हवालदार पोलिसातले नव्हेत, पलटणीतले. सिग्नलमध्ये वीस वर्षं बिनतारी संदेश पाठवून ते पेन्शनवर गावी आले होते. बाहेरगावाहून हातभट्टीची दारू घेऊन येणारा एक इसम मात्र "हवालदाराचं घर" एवढंच ऐकून वर्षभर मैलाचा वळसा घालून गावात शिरत असे. खरी गोष्ट कळल्यावर तो त्यांच्या दारात येऊन भांडून गेला.

घराच्या पुढच्या अंगाला, हमरस्त्यावर, त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत त्यांचा स्वतःचा संच. सरकारचा परवाना घेऊन सामान्य माणसाला घरबसल्या जगाशी रेडिओवरून बोलता येतं, हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं. लष्करी मोडीतून घेतलेला रिसीव्हर, स्वतः बांधलेला ट्रान्समीटर, वर बुद्धाची तसबीर, आणि कडुलिंबापासून पिठाच्या गिरणीच्या छपरापर्यंत ताणलेली तार. या तारेमुळे ढग फुटून दुसरीकडे जातात असं निम्म्या गावाचं मत होतं. उरलेल्या निम्म्या गावाला तिच्यावर कपडे वाळत घालावेसे वाटत. संदेश तोंडानं नव्हे, मोर्सनं जायचे: लहान आणि लांब टिकटिकीतून इंग्रजी अक्षरं. त्यासाठी टेबलावर पितळेचा एक खटका होता. तो खटका हवालदार रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसत. स्वतःचा चष्मा मात्र सदऱ्याच्या टोकानं.

पलटण त्यांच्या जिभेतून कधी गेलीच नाही. समोरच्याचं बोलणं ऐकून ते आधी आवाजाला गुण देत, मग उत्तर. "मास्तर, आज तुमचा आवाज पाचापैकी तीन येऊन राह्यला. सर्दी झाली का?" पंधरा ऑगस्टला सरपंचांनी पाऊण तास भाषण केलं आणि खाली उतरून "कसं झालं हवालदार?" असं विचारलं, तर हे म्हणाले, "आवाज पाच. समजलं एक." एसटीच्या कंडक्टरनं कारंज्याचं तिकीट देताना "कुठलं?" म्हणून दोनदा विचारलं, की हे एकेक अक्षर फोडून सांगत: कमळातला क, रथातला र... तेवढ्यात मंगरूळ मागे पडे.

एकदा मी विचारलं, गावात इतकी माणसं आहेत, त्यांच्याशी काहून बोलत नाही? ("काहून" मी तिथंच शिकलो होतो आणि वापरायला आतुर असे.) ते सोल्डरिंगची कांडी खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, गावात माणूस भेटला का पयले आडनाव इचारते. आडनाव सांगतलं का त्याचं तोंड बदलते. अठी हवेत पयले काय इचारते? माह्या आवाज कसा येऊन राह्यला? बस. मंग ठिकाण, मंग हवापानी. इतके वर्स झाले, हवेत मले आडनाव कोनीच इचारलं नाई." त्यांच्या घराण्यानं दीक्षा घेतली तेव्हा ते ऐन विशीत होते. गाव तेवढं बदललं नव्हतं. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी नागपूरला दिलेली. त्यामुळे दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता ते ज्याच्याशी बोलत, तोच त्यांचा सगळ्यांत जवळचा शेजारी होता. तो टास्मानियात राहत होता.

"टास्मानिया कुठं आलं?" असं गिरणीवाल्यानं विचारलं तेव्हा हवालदार म्हणाले होते, "ऑस्ट्रेलियाच्या खाली. अकोल्याच्या खाली जसं वाशिम." तिथल्या माणसाचं नाव टेड. विधुर, सफरचंदाची बाग, एक मुलगी, एक म्हातारा कुत्रा. अकरा वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पण मोर्स पाठवण्याचा प्रत्येकाचा एक हात असतो, जशी प्रत्येकाची चाल असते. आणि टेडचा हात हवालदार पहिल्या दोन अक्षरांत ओळखत. "लांब टिकटिक जरा ओढून धरते, पाहा. जसा एखादा बैल चढावर दम घेते. आन् आपलं नाव आलं का घाई करते, लाजल्यावानी." मला त्यातलं काहीही ऐकू येत नसे. पण रविवारी पाचला मी माझ्या खोलीतून चहाचे दोन कप घेऊन तिथं जाऊन बसू लागलो होतो. मलाही जाण्यासारखं दुसरं ठिकाण नव्हतं.

अशाच एका रविवारी टिकटिक सुरू झाली आणि हवालदारांची पेन्सिल थांबली. अक्षरं येत होती, ती त्यांना कळतही होती, तरी ते संचाकडे असे बघू लागले, की जणू ओळखीच्या घराचं दार भलत्याच माणसानं उघडलंय. "हा टेड नोहे," ते म्हणाले. पण परवान्याबरोबर ज्याला त्याला मिळणारी ओळखीची अक्षरं टेडची होती, कुत्र्याचं नावही बरोबर होतं. थोड्या वेळानं उलगडा झाला. टेडनं कळवलं, की त्यानं आपला रेडिओ कॉम्प्युटरला जोडला आहे. आता तो नुसता टाइप करतो, मोर्स यंत्रच पाठवतं; आणि इकडून गेलेली मोर्स यंत्रच वाचून पडद्यावर अक्षरं दाखवतं.

हवालदारांनी मला विचारलं, कॉम्प्युटर केवढं असते? मी मुंबईच्या वर्तमानपत्रात फोटो पाहिला होता. म्हणालो, चार कपाटांएवढं. टेडनं सांगितलं, टाइपरायटरएवढं, आणि वर टेलिव्हिजन. आम्ही दोघांनीही टेलिव्हिजन पाहिला नव्हता, त्यामुळे त्या बाजूनं काही प्रकाश पडला नाही. पण हवालदार आठवडाभर अस्वस्थ होते. दुकानात तीन रेडिओ उघडे पडले आणि त्यांतल्या एकात पालीनं अंडी घातली. पुढच्या रविवारी ते म्हणाले, "मास्तर, तो यंत्र लावते तं आपन बी लावू. आपन काय कमी होये का?"

शेलूबाजारातलं पहिलं स्वयंचलित प्रक्षेपण केंद्र एका मोडक्या ग्रामोफोनपासून तयार झालं. हवालदारांनी वनस्पती तुपाच्या डब्यांच्या पत्र्याच्या गोल चकत्या कापल्या आणि त्यांच्या कडेला कानशीनं मोर्सच्या हिशेबानं खाचा पाडल्या. चकती ग्रामोफोनवर फिरली, की कडेला टेकलेली पितळी पट्टी खाचांवरून उड्या मारी आणि संदेश आपोआप हवेत जाई. संपला, की एक खटका पडून संच ऐकायला लागे. एका चकतीवर एक वाक्य. पहिली चकती साऱ्या जगाला हाक मारी. दुसरी नाव-गाव सांगे. तिसरी "इथे ऊन आहे" असं कळवी, आणि ती नऊ महिने बदलावी लागत नसे. चौथ्या चकतीवर कुत्र्याची चौकशी होती. दुपारचं व्होल्टेज उतरलं, की चकती सावकाश फिरे आणि आमचं केंद्र झोपेत बोलल्यासारखं बोले. गिरणीवाला मुद्दाम पाहायला आला, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हे तं माह्या चक्कीपक्षा हुशार हाय, पन निंगते काय याच्यातून?"

यंत्र तयार झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी पाचला दोन्ही यंत्रं बोलली. तिकडून टेडचा कॉम्प्युटर, इकडून आमचा पत्रा. ऊन आहे. कुत्रा बरा आहे. तिकडे थंडी आहे. एकही चूक झाली नाही. चकती बदलण्यापुरता हवालदारांचा हात हले. एरवी दोन्ही हात मांडीवर ठेवून ते बसले होते, आणि तिकडेही एक म्हातारा असाच बसला असेल असं मला वाटून गेलं. बोलणं संपल्यावर त्यांनी ग्रामोफोनची वायर काढली. चहाचा कप तसाच राहिला होता.

"त्यानं माह्याशी बोलाले गडी ठेवला, मास्तर," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी टेडच्या यंत्रानं हाक मारली, आणि हवालदारांनी उत्तर दिलं नाही. ते संच लावून बसले होते, स्वतःच्या परवान्याची अक्षरं हवेतून येताना ऐकत होते, वहीत लिहूनही घेत होते, पण खटक्याला हात लावत नव्हते. मी म्हणालो, "अहो, तो बोलावतोय. उत्तर द्या ना."

"मी अठी हाओ. पन तो तठी नाई."

असे सात रविवार गेले. सात रविवारी ती बिनचूक, एकसारखी हाक येत राहिली आणि आमचा माणूस तिच्यासमोर मान खाली घालून बसला. आठव्या रविवारी हाक आली नाही. पाच वाजून गेले, साडेपाच झाले. हवालदारांनी डायल चार रेघा इकडे, चार रेघा तिकडे केला. नुसती खरखर. मग ते उठून दुकानात गेले आणि पालीची अंडी असलेल्या रेडिओचं झाकण पुन्हा लावून आले.

महिन्याभरानं पत्र आलं. पाकीट टाइप केलेलं, आत पानभर इंग्रजी. मोर्समधलं तुटक इंग्रजी हवालदारांना पाणी होतं, पण सलग पानाची त्यांना भीती वाटे, म्हणून ते पत्र घेऊन शाळेतच आले. मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या पायरीवर, मी वाचून मराठी करून सांगितलं. टेडनं लिहिलं होतं, की गेल्या हिवाळ्यापासून त्याचे हात थरथरतात. आधी रविवारी पाचपुरते सावरता येत, आता तेही जमत नाही. कप धरवत नाही. खटक्यावर बोट ठेवलं, की एका टिकटिकीच्या तीन होतात. चार माणसांनी 'समजत नाही' म्हणून बोलणं अर्ध्यावर सोडलं. मुलीला दया आली, तिनं कॉम्प्युटर आणून जोडून दिला. "हे मी तुला सांगितलं नाही," त्यानं लिहिलं होतं, "कारण माझा हात चांगला आहे असं म्हणणारा तू एकटाच होतास. आता तुझा आवाज येत नाही. तुझी तार तुटली आहे का? की मी काही चुकलो?"

खाली सही होती. तिला सही म्हणायचं एवढंच.

हवालदार म्हणाले, "शेवटचं पुन्यांदा वाचा." मी वाचलं. "अजून एक खेप." मी वाचलं. घंटा झाली, पोरं वर्गात गेली, तरी ते पायरीवरून उठले नाहीत. मग सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत म्हणाले, "कसा माणूस हाय मी, मास्तर? वीस वर्स पलटनीत हाक आली का उत्तर देल्लं. गोया चालू असतानी देल्लं."

त्या दिवसापासून ते रविवारची वाट न पाहता रोज पाचला बसू लागले. पत्र्याच्या चकत्या काढून ठेवल्या. हातानं, सावकाश, टेडच्या परवान्याच्या अक्षरांनी हाक मारत राहिले. दुकानात गिऱ्हाईक ताटकळे. मी पत्राचं उत्तर लिहून दिलं, पण ते पोचायला पंधरा दिवस तरी लागणार होते आणि त्यांना तेवढा धीर नव्हता. अकराव्या की बाराव्या दिवशी खरखरीतून ती एकसारखी, इस्त्री केलेली टिकटिक उमटली. टेडचं यंत्र. हवालदारांनी इतक्या घाईनं उत्तर दिलं, की मी त्यांचा हात पहिल्यांदाच चुकताना पाहिला. मग त्यांनी एक वाक्य पाठवलं आणि मला अर्थ सांगितला: "म्या म्हनलं, गड्याले बाजूले बसव. तू बोल."

मग तिकडून यंत्रानं कळवलं: तुला समजणार नाही.

"समजते," हवालदारांनी पाठवलं.

आणि मग टेडच्या हातची टिकटिक सुरू झाली. मला मोर्स येत नव्हती, तरी तिच्यात काहीतरी पडत होतं, उठत होतं, पुन्हा पडत होतं, एवढं मला ऐकू आलं. एका अक्षराला अर्धं मिनिट. हवालदार रिसीव्हरला कान लावून, डोळे मिटून ऐकत होते. एक अक्षर लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. पंधरा मिनिटांनी कागदावर चार शब्द झाले. पाऊस आहे. सफरचंदं बरी. एवढंच. हवालदारांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "त्याचाच हात होये. लांब टिकटिक अजून ओढूनच धरते."

पुढं दीड वर्ष ते दोघे असंच बोलले. एका रविवारात फार तर आठ-दहा शब्द. माझी बदली होईपर्यंत मी तिथं बसत होतो. नंतर मी साताऱ्याला गेलो, बायको-मुलं आली, पत्रं कमी होत गेली आणि मग राहूनच गेली.

काही वर्षांनी एका लग्नासाठी कारंज्याला आलो होतो, तेव्हा मुद्दाम जीपनं शेलूबाजारला उतरलो. दुकान बंद होतं, संचाची खोली उघडी. हवालदार बरेच वाळले होते. टेड गेल्याचं त्यांनी सांगितलं. त्याच्या मुलीनं पानभर पत्र लिहून कळवलं होतं. मी विचारलं, "कुणी वाचून दिलं?"

"मीच वाचलं," ते म्हणाले. "चार रविवार लागले. मदी डिक्शनरी आनली वाशिमवरून."

आता कुणाशी बोलता, असं मी विचारायच्या आत रिसीव्हरमधून टिकटिक आली. अडखळती, चुकती, मधेच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी. कुठल्या तरी देशातला कुणी नवखा होता. अशा हाताला सहसा कुणी उत्तर देत नाही, वेळ फार जातो. हवालदारांनी मला हातानंच बसायची खूण केली, वही पुढं ओढली आणि "थांबा जरासक, मास्तर, याले कोनी घेऊन नाई राह्यलं," असं म्हणून पितळेच्या खटक्यावर बोट ठेवलं. मग ते एकेक अक्षर लिहू लागले. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता, अकोल्याची शेवटची गाडी गाठायची होती. मी त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत थोडा वेळ दारात उभा राहिलो. त्या अनोळखी माणसाचं नावसुद्धा अजून पुरं झालेलं नव्हतं. मी निरोप न घेताच निघालो.