थोरल्या भाऊजींचा सर्व्हर

माझ्या थोरल्या भाऊजींच्या तोंडात खिळे असतील तर त्यांच्याशी बोलायला जाऊ नये. ते जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देतात. कापड ताणायला हात मोकळे लागतात, म्हणून बारीक खिळे ओठांत धरायची या कामात पद्धतच आहे. पण भाऊजी रागावले की हातात काम नसतानाही खिळे तोंडात धरतात. मग ताईने कितीही डोकेफोड केली तरी नुसता हुंकार येतो.

हा राग बहुतेक वेळा एकाच माणसामुळे यायचा. तो माणूस म्हणजे त्यांचे साडू, माझ्या मधल्या ताईचे यजमान. दोघेही जावई माझ्या वडिलांच्या हाताखाली हेच काम शिकले. वडील कौतुक करायचे ते धाकट्यांचं, आणि तेही थोरल्यांच्या देखत. "याची शिवण बघ," एवढंच म्हणायचे, पण ते भाऊजींच्या जिव्हारी लागायचं. पुढे धाकटे शेजारच्या शहरात गेले आणि तिथे त्यांचं चांगलं बस्तान बसलं. भाऊजींना एकच समाधान उरलं. "या गावात तरी सोफा म्हटलं की लोक माझ्याकडेच येतात," असं ते ज्याला त्याला सांगायचे. ते खरंही होतं. गावात दुसरं दुकानच नव्हतं.

मी वेबसाइट बनवतो. धाकट्यांची आधी बनवली, हा माझा गुन्हा. वास्तविक मी थोरल्यांनाच आधी विचारलं होतं. "सोफा काय फोनवर बसून बघता येतो?" म्हणून त्यांनी मला उडवून लावलं होतं. धाकट्यांची साइट सुरू झाली मात्र, आणि यांना ध्यास लागला. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की आधी साडूची साइट. जेवताना साडूची साइट. नवीन फोटो आला की तो मोठा करून करून शिवणीतली खोट शोधायचे. स्वतःच्या फोनवर पोट भरलं नाही की दुसऱ्याचा फोन मागायचे. केस कापायला गेले की न्हाव्याचा, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत शेजारच्या बाईंचा, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचा तर हमखास. "हे बघा आणि तुम्हीच सांगा, याला काम म्हणायचं का?"

लोक बघायचे आणि म्हणायचे, "चांगलं आहे की." त्या दिवशी भाऊजींना जेवण गोड लागायचं नाही. मला त्यांचा वैताग यायचा, आणि खरं सांगायचं तर कीवही यायची.

होता होता धाकट्यांच्या साइटवर गर्दी वाढली. ती साध्या शेअर्ड होस्टिंगवर होती, उघडायला वेळ घ्यायला लागली, म्हणून मी ती व्हीपीएसवर, म्हणजे जरा ऐसपैस जागेत, हलवली. मधल्या ताईने हे थोरलीला सांगितलं, थोरलीच्या तोंडून ते घरात निसटलं, आणि दुसऱ्याच दिवशी भाऊजींनी मला दुकानात बोलावून घेतलं.

"मलाही वेबसाइट पाहिजे. होस्टिंग कुठलं घ्यायचं ते समजावून सांग."

दुकानात बसायच्या जागांना तोटा नव्हता. मी बाकाकडे बोट दाखवलं. "शेअर्ड म्हणजे हा बाक. एका सर्व्हरवर बऱ्याच जणांच्या साइटी मांडीला मांडी लावून बसतात. शेजारचा ऐसपैस बसला की आपण अंग चोरायचं. पण स्वस्त पडतं आणि देखभाल कंपनी करते. व्हीपीएस म्हणजे तो सोफा, मध्ये हात बसवलेला. सर्व्हर एकच, पण आपल्या जागेत दुसरा सरकत नाही."

"आणि अख्खी खुर्ची आपली एकट्याची?"

"त्याला डेडिकेटेड म्हणतात. पण ती लागते प्रचंड गर्दी असलेल्यांना. शिवाय तिची निगा आपणच राखायची. तुम्हाला सध्या बाक पुरे. गर्दी झाली की उठून सोफ्यावर बसता येतं, साइट हलवता येते."

"तो कशावर बसलाय?"

"सोफ्यावर."

"आणि मी बाकावर बसू?"

"भाऊजी, होस्टिंग गर्दी बघून घ्यायचं असतं, साडू बघून नाही."

त्यांनी खिळे तोंडात धरले. संध्याकाळपर्यंत मी हात टेकले, आणि भाऊजींना अख्खा सर्व्हर मिळाला.

एवढ्या मोठ्या सर्व्हरवर त्यांची साइट म्हणजे रिकाम्या सभागृहात ठेवलेलं एक स्टूल. डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायची, फक्त उघडणारं कोणी नव्हतं. निगा राखायचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. भाऊजी तिकडे ढुंकून बघायचे नाहीत. ते साडूच्याच साइटवर, आता नव्या दमाने.

एका दुपारी मी दुकानात असताना धाकट्यांचा फोन आला. ताई नुकतीच चहा घेऊन आली होती. भाऊजींचे हात डिंकाने भरले होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर लावला.

"दादा, रागावू नका, एक विचारायचं होतं. आमच्या साइटवर लोक कुठून येतात ते काल पाहिलं. इथल्यापेक्षा तुमच्या गावातून जास्त येतात. सकाळपासून बघत असतात, किती वेगवेगळ्या फोनवरून. एवढी ओढ आहे तर तिथे एक दुकान काढावं असं मनात आहे. पण तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला."

मी चहाचा कप खाली ठेवून भाऊजींकडे पाहिलं. ताई दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, सांगा ना, कोण बघतं ते."

एका वाक्याचं काम होतं. "ते मीच बघतो," म्हटलं असतं तर गाव त्यांचं राहिलं असतं. नुसतं "नको" म्हटलं असतं तरी चाललं असतं. भाऊजींनी ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ये की," ते म्हणाले. "मला कशाची भीती? आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गाळा रिकामा आहे. मी विचारून ठेवतो."

ताई चहाचा कप तसाच उचलून आत निघून गेली. भाऊजी सोफ्याच्या उघड्या स्प्रिंगांकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "आपण त्याच्यापेक्षा मोठं घेतलं ना रे? मग माझ्याकडे का नाही आलं कोणी?"

"एवढ्या लोकांचे फोन हातात घेतलेत," मी म्हणालो, "त्यांतल्या एकाला तरी तुमची साइट दाखवलीत का?"

त्यांनी डबीतले खिळे उचलले आणि तोंडात धरले. हातात काम काहीच नव्हतं.