अर्ध्यावर सोडलेली फुलं

पडदा वर जातो तेव्हा दिसते समरकंदजवळच्या शहरिसब्ज गावातल्या दवाखान्यातली बैठकीची खोली. लांब टेबल, हिरव्या चहाची किटली, भोवती सात डॉक्टर. डावीकडच्या दारातून होसियत-आपा प्रवेश करते, हात मुलीच्या, मुकद्दसच्या खांद्यावर. मागे गाठोडं घेऊन मी. मी नाटकवाला; आमच्या नाटकातल्या राण्यांचे झगे तीस वर्षं आपानं भरतकामानं भरले होते, तेव्हा हा भार उचलणं माझ्याकडे येणारच.

"आपा, तुम्ही परत?" मोठे डॉक्टर बहरोम एर्गाशेव म्हणाले. "तपासणी मंगळवारी असते."

"माझ्यात आता तपासायला काय उरलंय, बहरोमजान? चादरी दाखवायला आलेय."

"म्हणजे आंधळ्यानं दाखवायचं आणि डोळसानं बघायचं," टेबलापलीकडून कुणी हसलं.

"सवय करून घ्या," आपा म्हणाली.

लग्नाच्या चादरीत एक फूल अर्धं सोडायचं, म्हणजे घरातलं सुख संपत नाही, ही आमच्याकडची रीत. तीन घरांतून मागून आणलेल्या चादरी मी टेबलावर पसरल्या. पहिलीत एकच फूल अर्धं. दुसरीत चार. तिसरीत पाकळ्या रेघेबाहेर गेलेल्या, लाल दोऱ्याच्या जागी तपकिरी, आणि मधोमध वीतभर कापड कोरंच. लोकांना ती रीतच वाटली होती. 'आपाचा हात आता मोकळा झालाय,' असं भर लग्नात मीच म्हणालो होतो.

आपा चादरीवर हात फिरवत बोलू लागली. "ही पहिली भरली तेव्हा मला मधुमेह होऊन चार वर्षं झाली होती. तुमच्याकडे आले. तुम्ही भिंतीवरची अक्षरं वाचायला लावलीत. शेवटची ओळ वाचली मी. म्हणालात, दिसेनासं झालं की या. दिसेनासं झालं, आले. म्हणालात, उशीर झाला."



"डोळ्यात थेंब घालून आतून बघायची सोय समरकंदला आहे, आपा," एर्गाशेव म्हणाले. "ज्यांना नीट दिसतं त्यांनाही धाडलं तर रांग लागेल."

"लागू दे. मुकद्दसला मधुमेह होऊन दोन वर्षं झाली. काल तुम्ही तिलाही भिंत वाचायला लावलीत. तिनंही शेवटची ओळ वाचली."

एर्गाशेवनी तिसरी चादर जवळ ओढली. त्या कोऱ्या जागेवर त्यांचं बोट बराच वेळ होतं. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली.

समरकंदला मुकद्दसच्या दोन्ही डोळ्यांत रक्ताचे ठिपके सापडले. तिची तर काहीच तक्रार नव्हती. लेझर झालं. उजवा वाचेल म्हणाले. डाव्याचं नक्की नाही. दर चार महिन्यांनी दाखवायचं ठरलं. त्यानंतर आमच्या दवाखान्यात मधुमेहाचं निदान झालं की पहिल्याच दिवशी समरकंदची चिठ्ठी मिळू लागली.

नवरोजच्या आधी मधुमेहानं आपाची मूत्रपिंडंही थकली. एर्गाशेव घरी आले, नाडी धरून उशाशी बसले, कुठे दुखतंय म्हणून विचारू लागले.

"माझा हात सोडा, बहरोमजान," आपा म्हणाली. "मुकद्दसची समरकंदची तारीख कधी आहे?"