पिवळी खोली आणि सासरेबुवांची पाठ

आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मग सांगतो. कारण असला गाढवपणा मी आयुष्यात एकदाच केला, आणि तोही कधी? स्वतःचं लग्न ठरत असताना.

पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. भिवंडीत लूमवर नोकरी, चाळीत एक खोली, त्यात मी आणि आई. खिडकी उघडली की समोर कारखान्याची भिंत. स्टोव्हच्या धुरानं खोली इतकी काळवंडलेली, की आई भरदुपारी दिवा लावून तांदूळ निवडायची. आणि नेमके गणेशपुरीकडून मुलीचे वडील आणि मामा आमचं घर बघायला येणार होते. मुलगी, म्हणजे सुमन, मी एका लग्नात पाहिली होती. ती मला इतकी आवडली होती की शिफ्टला लूमवर धागा तुटला तरी मला पत्ता नसायचा.

म्हटलं, खोली अशी उजळ करू की पाहुणे दारातच हो म्हणतील. चुना आणला, त्यात कालवायला पिवडी, म्हणजे रंगाची पिवळी माती आणली. दुकानदारानं बजावलं होतं, यात चिकटीला सरस शिजवून घाला, नाहीतर रंग भिंत धरणार नाही. आता सरस शिजताना काय घाण वास सुटतो, माहीत आहे ना? दुसऱ्या दिवशी पाहुणे, आणि घरात तो वास? मी सरस घातलाच नाही. पिवडी मात्र दुप्पट घातली.

पण खोली काय झळकली! शेजारीण डोकावून म्हणाली, आज ऊन आत आलंय वाटतं. मी नुसता फुललो.

पाहुणे आले. दोघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, डोक्यावर पांढरी टोपी. चटईवर बसले आणि भिंतीला आरामात टेकले. सासरेबुवा चौफेर बघून म्हणाले, "खोली बेस हाय." म्हटलं, जमलं.

मग ते हात धुवायला उठले आणि आईनं तोंडाला पदर लावला. मानेपासून कमरेपर्यंत पाठ पिवळीधमक. मामांचीही तीच गत, टोपीसकट.

आता सांगायचं कसं? निघताना मी धीर करून सासरेबुवांच्या पाठीवरून हात फिरवला. वाटलं, थोडं तरी झटकलं जाईल. ते आणखी पसरलं. त्यांना वाटलं पोरगा लाडात आलाय, दोन पावलं मागंच सरकले. आईनं पेढ्यांचा पुडा दिला आणि आम्ही गुपचूप त्यांना एसटीत बसवून दिलं.

पुढं कित्येक दिवस निरोप नाही. मला अन्न गोड लागेना. आई म्हणाली, दुसरी बघू. मला दुसरी नको होती.

मग एके सकाळी मामा दारात हजर, घुश्शात. बसा म्हटलं तर भिंतीकडं बघून उभेच राहिले.

"पिवल्या पाठी न् हातात पेढे घेऊन गावात उतरलो," ते म्हणाले. "गावभर बोभाटा झाला, यांनी भिवंडीत चोरून हलद उरकली. भावकी रुसून बसलीय. भिंतीचा रंग हाय म्हटलं तर कोनी ऐकत न्हाय. आता पोरीला दुसरा कोन मागनार? तारीख काढा, न् हलदीला समद्यांना बोलवा."

आमच्याकडं लग्नाला बोलावलं नाही तर माणूस एक वेळ विसरेल. पण हळदीला? त्या दिवशी नवरा-नवरीच्या आधी पाहुणेच पिवळे होऊन नाचतात. तिथं टाळलं, की तो तुमच्या मयतालाही यायचा नाही.

तर लग्न झालं, आणि मी हवेत. माझ्या रंगकामानं बायको मिळवून दिली होती ना! सुमन घरी आल्यावर पहिल्याच चहाला मी ऐटीत विचारलं, "खोली आवडली होती ना गं बाबांना?"

ती भिंतीपासून हातभर लांब बसली होती. कप खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "खोली लई आवडली व्हती. न्हाय म्हनायचं ठरवलं व्हतं ते तुम्हाला बघून."