मामाचा उजवा पाय

माझा मामा सव्वीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतोय, आणि निदान गेल्या दोन वर्षांत त्याच्या हाताखाली गाडी थांबवायला कुणीही शिकलेलं नाही. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो आणीबाणीसाठी असतो. मामाची आणीबाणी गाडीने जागा सोडली की सुरू व्हायची. पुढे रिक्षा दिसली, ब्रेक. रिक्षा दिसली नाही, तर ती कुठे गेली म्हणून ब्रेक. फुटपाथवर एखादे आजोबा शिंकले तरी आम्ही सगळे पुढच्या काचेकडे झुकायचो.

याचा परिणाम परीक्षेत दिसला. परीक्षा पूर्वी मामाच्याच गाडीत व्हायची; त्या महिन्यापासून गाडी सरकारी, तिला एकच ब्रेक. पांढऱ्या रेषेवर गाडी थांबवायची होती. रेषा जवळ आली आणि मी दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट ठेवून, मान ताठ ठेवून, गाडी थांबायची वाट बघत बसले. गाडीने रेषा ओलांडली, प्लास्टिकचे चार शंकू आडवे केले आणि शेवटी परीक्षकानेच हँडब्रेक ओढला. "ब्रेक कुठे असतो माहीत आहे का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मामाकडे."

मी सख्खी भाची म्हणून माझं नापास होणं हसून सोडून देता आलं असतं, पण त्या महिन्यात असे चौघे नापास झाले, चौघेही रेषेवर वाट बघत. ड्रायव्हिंगच्या शाळेच्या मालकाने मामाला खोलीत बोलावलं. मालक मामापेक्षा वयाने बराच लहान, त्यामुळे आदर भरपूर आणि दया शून्य. "मास्तर, चौघांतले दोघे दुसऱ्या शाळेत गेले. उरलेल्या दोघी पाच आठवड्यांनी पुन्हा परीक्षेला बसतायत. त्या पास झाल्या तर ठीक. नाहीतर तुम्ही काउंटरवर बसा, फॉर्म भरा. गाडीत दुसरा कुणी बसेल."

काउंटर म्हणजे मामाच्या लेखी जिवंतपणी हार घातलेला फोटो. घरी येऊन तो जेवला नाही.

मामा पूर्वी असा नव्हता, असं आम्ही सगळे सांगायचो. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर त्याचा एक विद्यार्थी गाडी घेऊन थेट एका बंद दुकानाच्या शटरवर गेला. विद्यार्थी म्हणजे चाळिशीचा वेल्डर. त्याच्या कोपराचे दोन तुकडे झाले आणि तो हात आता पूर्ण सरळ होत नाही. वेल्डर घाबरला, ब्रेक लावायला विसरला, आणि तेव्हापासून बिचाऱ्या मामाने धसका घेतला, ही आमच्या घरातली अधिकृत हकीकत. मामी ती पाहुण्यांना चहाबरोबर सांगायची. मामा तेव्हा बशीकडे बघत बसायचा.

उरलेल्या दोघींपैकी एक मी. दुसरी लाटवाली. खाडीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये ती लोकांना फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायला शिकवते, म्हणजे सर्फिंग. फळ्या वाहायच्या व्हॅनसाठी तिला लायसन्स हवं होतं. एकदा क्लास संपल्यावर ती खाली उतरली, वळसा घालून मामाच्या दाराशी आली आणि वाकून त्याच्या बुटाकडे बघत राहिली. उजव्या बुटाचा तळ पुढच्या बाजूने पार झिजला होता. डावा नव्यासारखा होता.

"सर, हा पाय तुमचं ऐकतो का?"

"म्हणजे?"

"समोर काहीच नव्हतं, तरी दाबत होता. रविवारी समुद्रावर या. तीन रविवार द्या मला. माझ्याकडे पायांचंच काम असतं."

मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सव्वीस वर्षं शिकवणाऱ्याला कालची नापास पोरगी शिकवणार. तो घरी येऊन तावातावाने बोलत होता आणि मामी भाजी चिरत ऐकत होती. मग ती म्हणाली, "अहो, मी टीव्हीचा आवाज वाढवला तरी टेबलाखाली तुमचा पाय खाली जातो. झोपेत दाबता तेव्हा माझी पोटरी मध्ये येते. जा गुपचूप."

तो गेला. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून की कपडे सांभाळायला, हे त्याने सांगितलं नाही.

पहिल्या रविवारी निम्मा वेळ त्याला रबराच्या घट्ट पोशाखात कोंबण्यात गेला. लाटवालीने एका बाजूने ओढलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि पोट कुठे ठेवायचं हा प्रश्न तिघांनाही सुटला नाही. मग तिने वाळूत फळीचा आकार काढला. पोटावर झोपायचं, हाताने पाणी मागे सारायचं, लाटेने उचललं की छातीजवळ हात टेकून एका झटक्यात उभं राहायचं. डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे वाकलेले, नजर किनाऱ्यावर. मामाने हे ऐकून घेतलं आणि शिकवताना मुद्दे कोणत्या क्रमाने सांगावेत यावर तिला दोन सूचना केल्या. मागून येणाऱ्यांसाठी आरसा का नाही, हेही विचारलं.

पाण्यात गेल्यावर आरशाचा विषय निघाला नाही. लाट आली, लाटवालीने फळीला ढकललं, मामा लटपटत का होईना उभा राहिला. मी टाळ्या वाजवायला हात उचलले तोवर त्याचा उजवा पाय खाली गेला. फळीचं शेपूट बुडालं, नाक वर आलं, फळी जागच्या जागी थांबली आणि मामा समुद्रात बसला. लाट पुढे निघून गेली. मी मोजलं, एकोणीस वेळा हेच झालं. त्यातल्या एका खेपेला सत्तरीच्या एक बाई, त्याही शिकाऊच, त्याच्या शेजारून उभ्याने गेल्या आणि "जरा सरका" म्हणाल्या.

"सर, मागच्या पायाने दाबलं की फळी थांबते," लाटवाली म्हणाली.

"मला कळतंय. पण पाय जातो."

"समोर किनारा आहे. तिकडे बघा."

"किनारा दिसतोय म्हणूनच जातो. आपटलो तर?"

"वाळूवर कोण आपटतं?"

"सगळे असंच म्हणतात," मामा म्हणाला आणि तोंडातलं पाणी थुंकला.

दुसऱ्या रविवारी त्याने डोकं चालवलं. उजवा पाय मागे राहिला की ब्रेक लागतो, तर उजवा पुढे घ्यावा आणि डावा मागे. लाटवालीने हात जोडून सांगितलं की तसंही लोक उभे राहतात, पण तुम्ही नका. मामाने ऐकलं नाही. उजवा पाय पुढे आला आणि सवयीने खाली गेला. या खेपेला फळीचं नाक बुडालं. आठवडाभरापूर्वी मागे बसणारा मामा आता तोंडावर पडू लागला. नाकातून पाणी गेलं, हनुवटी सोलली. शेवटच्या वेळी तो वर आला तो डोळे लाल करून, आणि मला वाटलं तो मला शिव्या देणार. त्याने दिल्या नाहीत. वाळूत बसून म्हणाला, "काउंटरवर पंखा आहे ना गं?" मला फार वाईट वाटलं. एवढे दिवस मी त्याला हसत होते, त्याची मला लाज वाटली. हसायची मी पुढेही थांबले नाही, ती गोष्ट वेगळी.

तिसऱ्या रविवारी लाटवालीने शिकवणंच सोडून दिलं. कमरेएवढ्या पाण्यात त्याच्या फळीला धरून गप्पा मारत उभी राहिली. मुलीची शाळा, व्हॅनचा टायर, शेडचा गळका पत्रा. लाट मागून येत होती. वेल्डरची हकीकत तिने माझ्याकडून ऐकली होती. तिने सहज विचारलं, "सर, तो वेल्डर आता कसा आहे?" आणि फळी ढकलली.

मामा उभा राहिला. डावा पाय पुढे, उजवा मागे. तोंड अर्धं उघडं, काहीतरी उत्तर जुळवत होता. पाय दाबायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं. फळी निघाली ती निघालीच. एका बसच्या लांबीएवढी गेली, मग दुसऱ्या. सत्तरीच्या बाई पाण्यातून बघत राहिल्या. घोट्याएवढ्या पाण्यात फळी आपसूक वाळूला टेकली आणि मामा तिच्यावर तसाच उभा राहिला, पुतळा बसवल्यासारखा.

मी ओरडत पळत गेले. त्याचा चेहरा उतरला होता.

"मी काहीच केलं नाही," तो म्हणाला.

"तेच तर करायचं होतं, सर," लाटवाली धापा टाकत आली. "लाट नेते. तुम्ही नुसतं अडवत होता."

घरी जाताना तो सारखा उजव्या पायाकडे बघत होता. मला वाटलं, थकला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवटचा क्लास होता. लाटवाली स्टिअरिंगवर, मी मागे, मामा त्याच्या जागी. बाजाराच्या चौकात तो म्हणाला, "टाकीच्या उतारावर घ्या." दोन वर्षांत त्याने तो रस्ता घेतला नव्हता. मी वाकून बघितलं. त्याने दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते आणि हातांनी गुडघे धरून ठेवले होते. मी पट्टा पुन्हा तपासला.

अर्ध्या उतारावर बोळातून एक हातगाडी बाहेर आली, वर पाण्याच्या बाटल्यांची खोकी. हातगाडीवाला पाठमोरा, आरामात. आमची गाडी उताराला लागलेली. मी मागच्या सीटवरून जमीन दाबली. मामाचे पाय जागचे हलले नाहीत. हलणार आहेत की नाही हे मला कळेना, आणि त्या एका क्षणात मी त्याला मनातल्या मनात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

गाडी थांबली. हातगाडीपासून चांगली दोन हात अलीकडे, धक्कासुद्धा न बसता.

लाटवालीने आधी स्वतःच्या पायाकडे बघितलं, मग त्याच्या. "तुम्ही लावलात?"

"नाही. तुम्ही लावलात," मामा म्हणाला. "बाजूला घ्या गाडी."

तो खाली उतरला, दाराला धरून उभा राहिला. समोर ते दुकान होतं, नवं शटर बसवलेलं.

"वेल्डर विसरला नव्हता," तो म्हणाला. "पूर्वीही मीच लावायचो. आताएवढा नाही, पण या उतारावर प्रत्येकाचा ब्रेक मीच लावायचो. वीस दिवस त्याचाही मीच लावला. त्या दिवशी म्हटलं, आता याला येत असेल, बघू. पण त्याला सांगितलं नाही. तो माझी वाट बघत बसला, मी त्याची. आपटेपर्यंत."

मी चार शंकू आडवे केले होते तेव्हा माझी मान कशी ताठ होती, ते मला आठवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पास झालो. रेषेच्या अलीकडे, आपापल्या पायांनी. मालक पेढा भरवायला निघाल्यासारखा हसत आला आणि म्हणाला, "मास्तर, सीट तुमचीच." मामाने त्याला उताराची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मालकाचं हसू कुठच्या कुठे गेलं.

"पण हे तुम्हाला विचारलं कुणी होतं?" तो म्हणाला. "आता ऐकलं म्हणजे मला काहीतरी करावं लागणार." आणि त्याने केलं. सोमवारपासून मामा काउंटरवर. पंखा आहे, पण फिरत नाही.

पास झालो त्याच संध्याकाळी मामाने मला शेजाऱ्यांची गाडी मागून घ्यायला लावली. एकच ब्रेक असलेली गाडी, नवंकोरं लायसन्स, आणि शेजारी मामा. वेल्डिंगच्या दुकानासमोर मी गाडी थांबवली. तो उतरून आत गेला, मी मागोमाग.

वेल्डर एका खिडकीच्या गजांना डाग देत होता. आम्हाला बघून त्याने तोंडावरची काच वर केली. उजवा हात कोपरात वाकलेलाच होता.

"त्या दिवशी चूक तुमची नव्हती," मामा म्हणाला. "माझी होती."

"मला माहीत आहे," वेल्डर म्हणाला. "शटर समोर आलं तेव्हाच कळलं. तुम्हाला कधी कळतंय, एवढंच बघायचं होतं."

त्याने डाव्या हाताने एक स्टूल पुढे सरकवलं. मामा बसला आणि रडायला लागला. वेल्डरने त्याला रडू दिलं.