भाताची रिंग

दुपारी मी झोपत नाही. आडवी होते, एवढंच. आमच्या सुनेला, रेश्माला, हे पटत नाही. ती म्हणते, आत्या, तुमचं घोरणं ओसरीपर्यंत ऐकू येतं. येत असेल बापडं. आज मात्र झोपायचंच नाही असं ठरवून मी माजघरात चटई टाकली आहे, आणि ह्यांचा फोन गालाखाली घेऊन पडले आहे.

हे म्हणजे आमचे मालक. नाव मी आधीही घेत नव्हते, आता तर मुळीच घेत नाही. फोन बटणांचा आहे. बटणांवरचे आकडे पार पुसून गेलेत. पाचाच्या बटणावर एक बारीक मणी आहे, तो तेवढा शाबूत. टेम्पोच्या केबिनमध्ये अंधार झाला की हे अंगठ्यानं तो मणी चाचपायचे आणि न बघता नंबर लावायचे.

ह्यांचा बेकरीचा टेम्पो होता. सकाळी पाव, खारी, बटर भरून घाटाखालच्या गावांना जायचं आणि दिवस मावळताना रिकामे ट्रे घेऊन वर यायचं. घाटाच्या शेवटच्या वळणावर रेंज यायची. तिथं टेम्पो बाजूला घेऊन हे मला मिस कॉल द्यायचे. दोन रिंगा आल्या की भात टाकायचा. एकच आली तर आज उशीर आहे, जेवून घे. उचलायचा मात्र कधीच नाही. बोलण्यासारखं काही असलं तर घरी येऊन बोलायचं, असा आमचा शिरस्ता. ताटात वाफेचा भात पडला की हा माणूस दिवसभराचं सगळं सांगायचा.

एका संध्याकाळी रिंग आलीच नाही. मीही भाताकडं बघितलं नाही, चुलीपाशी बसून राहिले. मग माणसं आली. टेम्पो शेवटच्या वळणाच्या अलीकडच्या वळणावर उभा होता. नीट कडेला घेतलेला, हँडब्रेक ओढलेला. हे स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसलेले, आणि फोन हातात. छातीत कळ आली असणार, असं डॉक्टर म्हणाले. मला एकच गोष्ट छळत राहिली. फोन हातात होता, मग रिंग का दिली नाही? कुणाला विचारणार?

तेव्हापासून रिंग मीच देते. संध्याकाळी ओसरीवर जाऊन ह्यांच्या फोनवरून माझा नंबर लावते. आत ओट्यावर माझा फोन वाजतो, त्यावर ‘मालक’ असं उमटतं. दोन रिंगा होऊ देते, कट करते, आत येऊन भात टाकते. रेश्मा नवीन होती तेव्हा ते नाव बघून घाबरली होती. आता रिंग झाली की मुकाट्यानं शेगडीपासून बाजूला होते. शहाणी आहे पोरगी.

आणि आता कंपनी जुनं नेटवर्क बंद करते आहे. आमचा उदय म्हणाला, आई, टॉवर तोच, पण त्यातलं जुनं बंद होणार, हे बटणाचे फोन आता खेळण्यातले. सिम बदलून नव्या फोनमध्ये घालतो, नंबर तोच राहील. म्हणून मी दुकानात गेले. तिथला माणूस भला, पण म्हणाला, ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या, अंगठा लागतो. बघते, येतात का, असं म्हणून मी परत आले. वारले म्हणून सांगितलं असतं तर त्यानं नंबरच बंद केला असता.

आज शेवटचा दिवस. फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा सकाळपासून येतात, जातात. मी कान लावून पडले आहे. फोनमधून खारीचा वास येतो. फोनला कसला वास, असं मी मनात म्हणते, तोवर चटई हादरायला लागते. गिअर पडल्याचा आवाज होतो. मी टेम्पोत बसलेली आहे आणि हे चालवताहेत.

“झोपलीस व्हय?” हे विचारतात. बघत नाहीत माझ्याकडं, रस्त्याकडं बघतात.

“झोपली न्हाई. आडवी झालीय.”

“तेच ते.”

अंगात तोच खाकी शर्ट आहे, कोपरावर मी शिवलेला. इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसाला काय काय विचारायचं असतं, पण माझ्या तोंडून पहिलं काय निघावं?

“चला, दुकानात चला आधी. अंगठा द्यायचा हाय.”

“कशाला?”

“तुमचा नंबर बंद करायला लागल्यात. मालकानं यायला पायजे म्हणतात.”

“कसा येऊ? गाडीत माल हाय.”

मी मागं वळून बघते. ट्रे एकावर एक रचलेत. त्यांत पाव नाहीत, फोन आहेत, सगळे बटणांचे, ओळीनं मांडलेले. प्रत्येकाचा दिवा लागलेला आहे आणि सगळे एकदमच हळू आवाजात वाजताहेत. मी हात पुढं करते.

“हात लावू नको, पोळंल. आत्ताच काढल्यात,” हे म्हणतात.

“कुणाचं हाईत?”

“लोकांचं. घरी मिस कॉल दिल्यात बिचाऱ्यांनी. आजच पोचवायचं, उद्या घेणार न्हाईत कोण.”

टेम्पोची काच म्हणजे दुकानाचा काउंटर आहे. तो भला माणूस पलीकडून मशीन पुढं करतो. हे स्टेअरिंग सोडून अंगठा टेकवतात. लाल दिवा लागतो. शर्टाला पुसून पुन्हा टेकवतात. पुन्हा लाल.

“न्हाई घेत,” हे म्हणतात. “रेशनच्या मशीननं तरी कधी घेतला? गरम ट्रे उचलून उचलून रेघा गेल्या सगळ्या.”

“अजून एकदा करा की.”

“शालन, न्हाई घेत गं.”

ह्यांनी माझं नाव घेतलं की मी पूर्वी लाजायचे. आता खाली बघते. काउंटरवर तांदूळ सांडलेत, ते मी गोळा करते आहे, आणि मशीन, माणूस, दुकान काहीच उरलेलं नाही. घाट आहे. उन्हं उतरलीत. हे टेम्पो कडेला घेतात आणि हँडब्रेक ओढतात. तो आवाज मी कधी ऐकलेला नाही, तरी मला ओळखू येतो.

“हितं नको,” मी म्हणते. “अहो, हितं थांबू नका. अजून एक वळण ऱ्हायलंय.”

“दम लागला.”

“मग उतरा. चालत जाऊ.”

मी ह्यांचा दंड धरते आणि आम्ही चढायला लागतो. लग्नानंतर देवाला गेलो तेव्हासुद्धा चारचौघांत मी असा दंड धरला नव्हता. हे सावकाश चालतात. मी घाई करत नाही. डाव्या हाताला दरीत आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. मग मी विचारून टाकते.

“त्या दिवशी तुम्ही रिंग का दिली न्हाई?”

हे थांबतात. “दिली की. नंबर लावला होता. हितं रेंज कुठं असती?”

“लावला होता?”

“कट करून पुन्हा लावला. मग म्हटलं जरा बसावं.”

“मला वाटलं, दुखण्यात तुम्हाला आठवण ऱ्हायली नसंल.”

“भाताची आठवण ऱ्हाणार न्हाई व्हय मला?”

मी रस्त्यातच खाली बसते आणि रडते. त्या वेळी माणसांच्या गर्दीत नीट रडायचं राहून गेलं होतं, ते आता रडते. हे शेजारी उभे राहतात. जाऊ दे, बास कर, असलं काही म्हणत नाहीत. माझं रडून झाल्यावर आम्ही उरलेलं वळण चढतो.

वर वारा आहे. हे फोन काढतात, अंगठ्यानं मणी चाचपतात, नंबर लावतात. खाली स्वयंपाकघरात माझा फोन वाजतो. इथवर ऐकू येतो. एक रिंग. दुसरी रिंग. तिसरी.

“कट करा की,” मी म्हणते.

“आज नको. आज उचलू दे.”

“कोण उचलणार? मी तर हितं हाय.”

“तेच सांगतोय. तू घरी जा.”

“मी येते तुमच्यासंगं.”

“गाडीत जागा न्हाई. माल हाय.”

“ते ट्रे मी मांडीवर घेते.”

हे मान हलवतात. टेम्पोत बसून बाजाराला येते म्हणायची मी, तेव्हा अशीच हलवायचे. पुढं काही बोलण्यात अर्थ नाही, मला ठाऊक आहे. तरी मी म्हणते, “आणि उद्यापासनं? रिंग आल्याबिगर मी भात कसा टाकू?”

“रिंग यायच्या आधीच टाकायचीस तू.”

“कुणी सांगितलं?”

“वळणावरनं घरी यायला मला असा किती वेळ लागायचा? तेवढ्यात भात शिजून वाफ जिरतीय व्हय? इतकी वर्सं जेवलो. कळत न्हाई का मला?”

खरं आहे. दिवस कलला की मी भात चढवूनच बसायचे. रिंग आली की फक्त झाकण उघडून बघायचे. ही गोष्ट मी ह्यांना कधी सांगितली नव्हती, आणि ह्यांनीही कळल्याचं कधी दाखवलं नव्हतं.

“अंगठा पायजे म्हणालीस न्हवं?” हे म्हणतात आणि माझ्या गालावर अंगठा टेकवतात. दाबून धरतात.

“दुखतंय.”

“हलू नको. लागू दे नीट.”

खाली फोन वाजायचा थांबतो.

माजघरात उन्हाची तिरीप भिंतीपर्यंत गेली आहे. मी चटईवर आहे आणि फोन गालाखाली. उचलून बघते. कोपऱ्यातल्या रेघा गेल्या आहेत, तिथं बारकीशी फुली आहे. ओसरीवर जाते, मणी चाचपून नंबर लावते. काहीच होत नाही. आत माझा फोन गप्प आहे. मी पुन्हा लावते. मग ह्यांचा फोन पदराला पुसून देव्हाऱ्याजवळ ठेवते.

स्वयंपाकघरात रेश्मा भाजी चिरते आहे. माझ्याकडं बघून तिचा हात थांबतो.

“आत्या, गालाला काय झालं?”

मी स्टीलच्या डब्यात तोंड बघते. गालावर बटणांच्या रांगा उमटल्यात, वरपासून खालपर्यंत. मधोमध एक बारीक खड्डा आहे. बोट लावलं तर दुखतो.

रेश्मा ओट्यावरच्या माझ्या फोनकडं बघते, मग खिडकीबाहेरच्या उजेडाकडं. विचारावं की नाही, असं तिचं चाललेलं असतं. शेवटी विचारते, “आज रिंग...?”

“झाली,” मी म्हणते. “सर बाजूला.”

तांदूळ मी धुते, वैरते, झाकण ठेवते. मग भात होईपर्यंत गालावर हात धरून तिथंच बसून राहते.